मिशनऱ्याचे व्याकरण आणि बेने इस्राएल विद्यार्थी

१८३२ साली मुंबईत एक पुस्तक छापून निघाले. त्यात हिब्रू भाषेचे प्राथमिक व्याकरण मराठीतून समजावून दिले होते, आणि ते बेने इस्राएल लोकांच्या उपयोगासाठी तयार केलेले होते. लिहिणारे मात्र कोणी हाजान नव्हते की कोचीनचे कोणी पंडित नव्हते. ते स्कॉटलंडचे २७ वर्षांचे पाद्री होते, जॉन विल्सन. मुंबईत पाऊल ठेवून त्यांना जेमतेम तीन वर्षे झाली होती.

पुस्तक कशासाठी लिहिले, हे विल्सनसाहेबांनी कधी लपवले नाही. बेने इस्राएल मुलगा हिब्रू शिकला की तो शास्त्र स्वतः वाचेल, आणि वाचले की येशू हाच माशियाह हे त्याला आपोआप पटेल, असा त्यांचा हिशेब होता. त्यातला पहिला अर्धा भाग बरोबर निघाला, मुले हिब्रू शिकली. दुसरा अर्धा जवळजवळ साफ चुकला. तो का चुकला, हे या पाठात पाहायचे आहे.

त्या वेळचा समाज

कोकणात बेने इस्राएलांची घरे गावोगाव विखुरलेली होती. शब्बाथला घाणा बंद ठेवतात म्हणून शेजारी त्यांना शनवार तेली म्हणत. सुंता, शब्बाथ, खवले नसलेली मासळी न खाणे, नवस फेडताना एलियाहू हन्नाबीचा मालिदा, आणि तोंडी शमा: एवढ्यावर पिढ्यान्‌पिढ्या धर्म टिकला होता. मुंबईत कंपनी सरकारच्या पलटणीत नोकऱ्या मिळू लागल्या, सुतारकी-गवंडीकाम मिळू लागले, तसे लोक शहरात येऊ लागले. १७९६ मध्ये सामाजी हसाजी दिवेकर यांनी मुंबईतली पहिली मशीद बांधली. (सिनागॉगला तेव्हा सगळे मशीदच म्हणत. घरातल्या वयस्कर माणसांच्या तोंडी हा शब्द अजून ऐकू येतो.) मशीद झाली, पण हिब्रू तफिल्ला म्हणणारा आणि तिचा अर्थ सांगणारा माणूस मात्र क्वचितच सापडे. ही उणीव १८२० नंतर कोचीनहून आलेल्या शिक्षकांनी भरून काढायला सुरुवात केली. शेलोमो सालेम शुरराबी यांचे नाव त्यात आदराने घेतले जाते.

त्याच सुमारास दुसरीकडूनही शिक्षक येत होते. कंपनीच्या मुलखात मिशनऱ्यांना मोकळीक मिळाली ती १८१३ च्या कायद्याने, आणि त्याच साली अमेरिकन मराठी मिशनचे गॉर्डन हॉल मुंबईत उतरले. त्यांच्या शाळांत बेने इस्राएल मुलेही बसू लागली. पुढे मायकेल सार्गन नावाचे कोचीनचे, ख्रिस्ती झालेले यहुदी गृहस्थ याच समाजात शाळा चालवण्यासाठी आले. १८२९ मध्ये विल्सन आले. ते मराठी शिकले कोकणातच, बाणकोट आणि हर्णै भागात, जिथे स्कॉटिश मिशनची ठाणी होती. ज्या गावांवरून बेने इस्राएलांची ‘कर’ लागलेली आडनावे आली, त्यांच्याच शेजारी साहेब बाराखडी गिरवत होते.

आई-बापांनी मुले अशा शाळेत का घातली, हा प्रश्न आज सहज विचारला जातो. उत्तर साधे आहे. इंग्रजी आले तर कारकुनी मिळते, पलटणीत वर चढता येते. सरकारी शाळेत धर्माचा विषयच नव्हता. मिशनच्या शाळेत इंग्रजी होते, मराठी होते, आणि ज्या भाषेतली तफिल्ला घरात न समजता म्हटली जाई ती हिब्रूही होती. गरीब घराने यात मोह पाहिला असेल तर तो इंग्रजीचा आणि हिब्रूचा होता. ख्रिस्ती धर्माचा नव्हता.

योजना काय होती

अलेक्झांडर डफ या स्कॉटिश पाद्र्याने १८३० मध्ये कलकत्त्यात इंग्रजी शाळा काढली. रस्त्यावर प्रवचन करून एकेक माणूस फोडण्यापेक्षा वरच्या थरातल्या मुलांना उच्च शिक्षण द्यावे, म्हणजे जुन्या श्रद्धांच्या पायाखाली सुरुंग पेरल्यासारखे होईल आणि तो एक दिवस उडेल, असे त्याचे म्हणणे होते. विल्सन यांची मुंबईतली इंग्रजी शाळाही १८३२ मध्ये आंब्रोळीला सुरू झाली. भूगोल, खगोल, इतिहास, इंग्रजी वाङ्मय, आणि या सर्वांबरोबर बायबल. परदेशातल्या विद्यार्थ्यांमध्ये मिशनचे काम कसे करावे याचा हा नमुना पुढे शंभर वर्षे चालला.

सुरुंग उडालेही. १८३९ मध्ये धनजीभाई नवरोजी आणि होरमसजी पेस्तनजी या दोन पारशी विद्यार्थ्यांनी बाप्तिस्मा घेतला. शहरात खळबळ उडाली. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेले आणि कोर्टाने धनजीभाईला आपल्या मर्जीप्रमाणे राहण्याची मुभा दिली. पालकांनी मुले काढून घेतली, वर्ग ओस पडले. १८४३ मध्ये नारायण शेषाद्री ख्रिस्ती झाले. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत हाही मिशनऱ्यांकडे राहिला होता. तो अज्ञान असल्याने कोर्टाने त्याला वडिलांच्या हवाली केले, पण आता मिशनऱ्यांकडे जेवलेल्या मुलाला जातीत परत घ्यायचे की नाही यावर ब्राह्मण समाजात मोठा वाद पेटला. बाळशास्त्री जांभेकर मुलाच्या बाजूने उभे राहिले आणि त्याबद्दल त्यांनी बरेच सोसले. घर सोडून गेलेल्या मुलाला परत यायला दार उघडे ठेवायचे का, हा प्रश्न त्या श्रीपतपुरता नव्हता. कोणत्याही समाजाला तो कधी ना कधी विचारला जातो.

बेने इस्राएल मुलांचे काय झाले

ही मुले मिशनच्या शाळांत पुढेही जात राहिली. विल्सन यांना या समाजाविषयी जिव्हाळा होता, त्याच्या चालीरीतींवर आणि उगमावर त्यांनी लिहिले, आणि १८६० च्या दशकात बेने इस्राएलांच्या ख्रिस्ती शिक्षणासाठी मदत मागणारे एक आवाहनही छापले. एवढे करून बाप्तिस्मा घेणारे फारच थोडे निघाले. जे निघाले त्यांच्या घरी दुःख झाले, ते आकड्याने लहान ठरत नाही. पण समाज फुटला नाही.

याचे श्रेय नुसत्या निष्ठेला देऊन मोकळे होणे सोपे आहे. निष्ठा तर पारशी आणि हिंदू घरांतही होती. फरक दुसरीकडे होता. विल्सन हिंदू पंडितांशी आणि पारशी दस्तुरांशी जाहीर वाद घालत. पुराणातला भूगोल खोटा, अमुक ग्रंथ अमान्य, असे त्यांचे म्हणणे असे. हिंदू किंवा पारशी मुलाला शाळेत आपल्या शास्त्रावर घाव बसताना दिसे. बेने इस्राएल मुलाला तेच साहेब सांगत की अब्राहाम खरा, मोशे खरा, सिनाय पर्वतावर जे झाले ते खरे, तुझे पूर्वज ते हेच. कोकणातल्या एका तेल्याच्या मुलाला इंग्रज शहरात कोणी असा मान देत नव्हते. मुलगा घरी आला तो आधीपेक्षा अधिक यहुदी होऊन.

शिवाय घरचा धर्म पुस्तकावर उभा नव्हता. शब्बाथ आजीच्या हातात होता, मालिदा काकीच्या हातात. वर्गातल्या वादात हरलेला मुलगाही शुक्रवारी संध्याकाळी त्याच पाटावर बसे.

आणि तिसरे कारण ते व्याकरण.

नावातले व्याकरण

हिब्रूत ‘बेन’ म्हणजे मुलगा. अनेकवचन ‘बानिम’. पण एक नाम दुसऱ्याला जोडले की त्याचे रूप आखडते: ‘बानिम’चे ‘बने’ होते, आणि ‘इस्राएलचे पुत्र’ याला ‘बने इस्राएल’ म्हणतात. मराठीत ‘चा-ची-चे’ लागतो तो दुसऱ्या शब्दाला, म्हणजे मालकाला: इस्राएलचे पुत्र. हिब्रूत बदलतो तो पहिला शब्द. समाजाच्या स्वतःच्या नावात हा नियम शेकडो वर्षे बसलेला होता. पण नाव घेणाऱ्याला नियम माहीत नव्हता. तो कळल्यावर तफिल्लेतले कितीतरी शब्द एकदम सुटे होतात.

तसेच धातूचे. ‘मेलेख’ राजा, ‘मालाख’ त्याने राज्य केले, ‘मलखूत’ राज्य: तिन्हीत म, ल, ख ही तीन व्यंजने. ज्याला संस्कृत धातू ऐकून माहीत आहेत त्याला हे चटकन कळते. एक गंमत इथे लक्षात ठेवावी: मराठीत लिंगे तीन, हिब्रूत दोनच. इस्राएलात जन्मलेल्या नातवंडांना मराठीतले ‘ते’ जड जाते ते यामुळेच.

आता व्याकरण आले की वाद करता येतो. मिशनऱ्यांचे एक आवडते वचन यशायाच्या ७व्या अध्यायातले, १४वे. कुमारीच्या पोटी मुलगा जन्मेल असा त्याचा अर्थ ते सांगत. मूळ हिब्रूत तिथे शब्द आहे ‘अल्मा’, म्हणजे तरुण स्त्री. ‘कुमारी’ असे नेमके सांगायचे असेल तर हिब्रूत ‘बेतुला’ हा शब्द आहे. रिबकेच्या गोष्टीत, उत्पत्तीच्या २४व्या अध्यायात, हे दोन्ही शब्द तिच्यासाठी आले आहेत, तेव्हा वापर ताडून पाहता येतो. कुमारी हा अर्थ आला ग्रीक भाषांतरातल्या ‘पार्थेनोस’ या शब्दावरून. ख्रिस्ती बाजू म्हणते की ते ग्रीक भाषांतर यहुद्यांनीच केले होते. हे खरे आहे. पण त्याच ग्रीक भाषांतरात दीनावर बलात्कार झाल्यानंतरही तिला ‘पार्थेनोस’ म्हटले आहे, हेही खरे आहे. पुढे कित्येक ख्रिस्ती विद्वानांनीही आपल्या भाषांतरात ‘तरुण स्त्री’ असेच छापले.

हिब्रू न येणाऱ्याला हे काहीच बोलता येत नाही. तो एक तर मान डोलावतो, नाहीतर चिडतो. विल्सन यांनी मुलांच्या हाती जी किल्ली दिली ती दोन्ही बाजूंनी फिरणारी होती.

समाजाने स्वतः काय केले

किल्ली मिळाल्यावर समाज बसून राहिला नाही, आणि इथेच या इतिहासातला मोलाचा भाग आहे. मिशनऱ्यांनी तनाखचे मराठी भाषांतर केले. ते बेने इस्राएल घरांतही वाचले गेले. पण हागादा, सिद्दूर, सलिहोत यांत मिशनला रस नव्हता, कारण ती ऋषी-रब्बींची परंपरा, आणि नेमकी तीच मागे पडावी अशी त्यांची इच्छा. ते काम समाजालाच करावे लागले. १८४६ मध्ये मुंबईत मराठी भाषांतरासह पेसाहची हागादा छापली गेली, म्हणजे विल्सन यांच्या व्याकरणानंतर अवघ्या १४ वर्षांनी. १८७४ मध्ये पुण्यात चित्रांसह हागादा निघाली. तिच्यातल्या स्त्रिया लुगडी नेसून मात्सा करताना दिसतात.

जोसेफ इझिकेल राजपूरकर यांनी एकामागून एक तफिल्लांची पुस्तके मराठीत आणली. डेव्हिड ससून यांच्या नावाच्या मुंबईतल्या शाळेचे ते सुमारे ४० वर्षे मुख्याध्यापक होते. मुंबई विद्यापीठ १८५७ मध्ये स्थापन झाले, विल्सन १८६८ मध्ये त्याचे कुलगुरू झाले, आणि त्याच विद्यापीठाचे हिब्रूचे परीक्षक म्हणून राजपूरकरांनी काम केले. ज्या भाषेच्या आधाराने हा समाज ख्रिस्ती व्हायचा होता, तिच्या उत्तरपत्रिका आता बेने इस्राएल मास्तर तपासत होते.

हायिम शमुएल केहिमकर आणि त्यांच्या सोबत्यांनी १८७५ मध्ये मुंबईत इस्राएली शाळा सुरू केली. तीच पुढे सर एली कदूरी यांच्या नावाने ओळखली गेली, आणि रिबेका रूबेन यांनी मुख्याध्यापिका म्हणून तिला नाव मिळवून दिले. विल्सन वारले तेही १८७५ मध्येच. केहिमकरांनी समाजाचा इतिहास इंग्रजीत लिहिला (तो छापला गेला त्यांच्यानंतर, १९३७ मध्ये, तेल अवीवला). त्यात त्यांनी मिशनऱ्यांचे आणि विशेषतः विल्सन यांचे शिक्षणाबाबतचे ऋण मोकळेपणाने मान्य केले आहे. ते कोणी दुबळे किंवा भोळे नव्हते. ऋण मान्य करणारा हाच माणूस आपल्या मुलांसाठी वेगळी शाळा काढतो. या दोन गोष्टींत विरोध आहे असे काही तरुणांना वाटते. केहिमकरांना तसे वाटले नाही, आणि त्यांचेच बरोबर होते.

गिरगाव चौपाटीसमोरची विल्सन कॉलेजची इमारत १८८९ मध्ये उभी राहिली. विसाव्या शतकात त्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवणारे एक प्राध्यापक बेने इस्राएल होते. त्यांचे चिरंजीव निसिम इझिकेल यांनी १९४७ मध्ये तिथूनच एम.ए. केले. भारतीय इंग्रजी कवितेत त्यांचे नाव मोठे आहे.

कॉलेजातून वसतिगृहाकडे

मिशनची पद्धत पुढे बदलली. १८८६ च्या उन्हाळ्यात अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या माउंट हर्मन इथे जमलेल्या १०० विद्यार्थ्यांनी परदेशी मिशनला जाण्याचा निश्चय केला. त्यांत जॉन मॉट हे तरुण होते. १८९५ मध्ये स्वीडनमधल्या वाडस्टेना गावी विद्यार्थ्यांचा जागतिक ख्रिस्ती संघ स्थापन झाला, आणि त्याच दौऱ्यात मॉट हिंदुस्थानातही आले. आता शिक्षकाने विद्यार्थ्याला सांगायचे नव्हते, विद्यार्थ्याने विद्यार्थ्याला सांगायचे होते. १९११ मध्ये मॉट यांच्याच पुढाकाराने न्यूयॉर्कमध्ये परदेशी विद्यार्थ्यांशी मैत्री जोडण्यासाठी समिती निघाली. नव्या मुलाला बंदरावर भेटायचे, खोली शोधून द्यायची, सणासुदीला घरी जेवायला बोलवायचे. मिशनऱ्याने बोटीने परदेशी जाण्याची गरज उरली नाही. विद्यार्थीच बोटीने येत होता.

आजही लंडन, टोरँटो किंवा मेलबर्नला शिकायला गेलेल्या मुलाला पहिल्या महिन्यात असे आमंत्रण येते. बोलावणारे बहुधा भले लोक असतात, आणि थंडीत एकट्या पडलेल्या मुलाला गरम जेवण मिळाले तर त्यात वाईट काही नाही. विचारायचा प्रश्न एकच: बोलावणाऱ्याने आपला हेतू आधी सांगितला का? विल्सन सांगत असत. त्यांच्या शाळेत पाऊल टाकणाऱ्या प्रत्येक बापाला ठाऊक होते की इथे बायबल शिकवतात आणि का शिकवतात. १९७३ पासून अमेरिकेत ‘ज्यूज फॉर जीझस’सारख्या संस्था कॉलेजच्या दारात पत्रके वाटतात. त्याही नावातच हेतू सांगतात. त्रास होतो तो भाषा-गप्पांचा वर्ग किंवा पेसाहचे सेदेर म्हणून बोलावून मग भलतेच निघते तिथे. सेदेरच्या तीन मात्सांतली मधली मात्सा म्हणजे येशू, असे अशा ठिकाणी सांगतात. ज्याने घरी मराठी हागादा वाचली आहे त्याला ते ऐकून हसू येईल. ज्याने वाचली नाही त्याला ते जुने शहाणपण वाटू शकते.

इस्राएलात १९७७ च्या दुरुस्तीनुसार, धर्म बदलण्यासाठी पैसे किंवा वस्तूंचा लाभ देणे हा गुन्हा आहे, आणि असा लाभ घेणे हाही गुन्हा आहे. नुसते बोलणे, पटवणे, पुस्तक देणे हा गुन्हा नाही. १८३२ चे व्याकरण या कायद्यात कुठे बसले असते, यावर वर्गात वाद होऊ द्यावा. शिकवलेले हिब्रू हा ‘लाभ’ धरायचा का?

वर्गात आणि घरी करण्यासाठी

घरातल्या मोठ्यांपैकी कोण मुंबईत, पनवेलला, अलिबागला किंवा पुण्यात मिशनच्या वा कॉन्व्हेंटच्या शाळेत होते, ते विचारून घ्या. सकाळच्या प्रार्थनेला ते काय करत? उभे राहत, गप्प राहत, की मनात शमा म्हणत? बायबलच्या तासाला बाईंनी कधी त्यांनाच जुन्या करारातली नावे कशी उच्चारायची ते विचारले का? नाताळात काय होई? त्यांचे बोलणे त्यांच्याच शब्दांत मराठीत अर्धे पान लिहून आणा, दुरुस्त न करता. जे मराठीत लिहू शकत नाहीत त्यांनी आजीला बोलू द्यावे आणि फोनवर टेप करून आणावे. पुढच्या तासाला पुण्याच्या हागादेतली मात्सा करणाऱ्या बायांची चित्रे पाहायची आहेत, तेव्हा घरी जुनी हागादा असेल तर पान न फाटेल अशी गुंडाळून आणावी.